हायब्रिड रेसकार : इंजिन एकटं नीट, मोटर एकटी नीट, दोघं मिळून खोकतात (मदत हवी आहे)

अंबडचा_लेथवाला
रविवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मिसळीच्या आणि पावसाच्या धाग्यांवर पडीक असतो. आज अडला हरी होऊन आलोय, पाय कुणाचे धरायचे ते तुम्ही सांगा.

माझं अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, एक मिलिंग. भाची इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात थर्ड इयरला. गेल्या वर्षी तिने आणि तिच्या टीमने ठरवलं की कॉलेजांच्या स्पर्धेला नुसती पेट्रोलची रेसकार नको, हायब्रिड करायची, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही. कॉलेजने जागा दिली, पण ती पाच वाजता कुलूप लागणारी. मग "मामा, तुमच्या शेडच्या मागची जागा..." असं सुरू झालं आणि आता बावीस पोरं-पोरी मला मामा म्हणतात. चहाचं बिल विचारू नका.

गाडी अशी आहे. अपघातात सापडलेल्या बाइकचं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणलेलं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे त्याच्या श्वासनलिकेत २० मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे सगळी हवा तेवढ्याच भोकातून आत. त्यामुळे खालच्या आरपीएमला इंजिन अगदी मरगळलेलं. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की अर्धा सेकंद काही घडतच नाही. तो खड्डा भरायला ४८ व्होल्टची ५ किलोवॉटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर. इंजिनची चेन डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर) उजव्या बाजूला, मोटरची डाव्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेट एकाच कॅरिअरवर. मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, इंजिन जागं झालं की ती हळूहळू बाजूला होते. किती करंट द्यायचा हे एका छोट्या बोर्डवरचा प्रोग्रॅम ठरवतो. तो इलेक्ट्रिकलच्या एका पोराने लिहिलाय, हुशार आहे, पण बोलतो फक्त लॅपटॉपशी.

बॅटरी पोरांनी स्वतः बांधली. १८६५० सेल, १४ सिरीजमध्ये, ८ पॅरलल, एकूण ११२. पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.८ व्होल्ट. मुद्दाम ६० च्या खाली ठेवलंय, कारण ६० च्या वर गेलं की हाय व्होल्टेजचे सगळे नियम अंगावर येतात.

आता दुखणं. गाडी स्टँडवर, मागची चाकं अधांतरी: इंजिन एकटं चालवलं तर ९,००० पर्यंत मख्खन. मोटर एकटी चालवली तर मख्खन. जमिनीवर उतरवून दोन्ही एकत्र दिले की मोटरचा करंट साधारण ७० अँपिअरच्या वर गेला रे गेला, इंजिन खोकायला लागतं. फटाके फोडतं. कधी कधी क्षणभर मरतंच आणि परत उठतं. पायाखालची ताकद गेली-आली, गेली-आली, त्यामुळे ड्रायव्हर पोरगी म्हणते घोड्यावर बसल्यासारखं वाटतं.

आम्ही काय काय केलं: नवीन फ्युएल पंप (साडेचार हजार पाण्यात), नवीन प्लग, इंजेक्टर साफ करून घेतला, मॅप (पेट्रोल किती, ठिणगी कधी याचा तक्ता) दोनदा बदलला. फरक शून्य. बाकी तक्रार काही नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टर जरा जास्त मारावा लागतो, पण तो डिसेंबरचा दोष, निफाडला पारा कुठे गेलाय बघताय ना.

स्पर्धा बरोबर पाच आठवड्यांवर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरांनी शपथ घातलीय.


चिवडा_विदाउट_तेल
सोमवार, सकाळी ७:१५

दोघं वेगवेगळे छान, एकत्र आले की खोकतात. मामा, हा धागा चुकून तांत्रिक विभागात आलाय, कौटुंबिकमध्ये हलवा.


निव्वळ_इलेक्ट्रिक
सोमवार, सकाळी ९:०२

काका, स्पष्ट बोलू? हायब्रिड म्हणजे दोन डोकेदुख्या एकाच फ्रेममध्ये वेल्ड करणं. टाकी पण, बॅटरी पण, रेडिएटर पण, कंट्रोलर पण. पूर्ण इलेक्ट्रिक केली असती तर खोकायला इंजिनच नसतं. आणि रीजनने ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते हा तर फुकटचा फायदा, तो तरी घेताय की नाही?


अंबडचा_लेथवाला
सोमवार, दुपारी १:३०

@निव्वळ_इलेक्ट्रिक, दादा, रीजनवर आमच्या शेडमध्ये महिनाभर भांडण झालंय, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पोरांच्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरात होतं, "ब्रेकिंगमधून ऊर्जा परत." मी विचारलं, किती? कोणी बोलेना. मग एका चलानाच्या मागे हिशोब केला. गाडी आणि ड्रायव्हर मिळून ३०० किलो धरा. ताशी ६० वरून ३० वर यायचं. गतिज ऊर्जेचा फरक निघतो साधारण ३१ किलोज्युल, म्हणजे पावणेनऊ वॉट-अवर. आपली बॅटरी १,००० वॉट-अवरची. म्हणजे सगळीच्या सगळी परत मिळाली तरी एका ब्रेकिंगला एक टक्कासुद्धा नाही.

आणि सगळी मिळत नाहीच. रेसमध्ये असं ब्रेकिंग सव्वा सेकंदात उरकतं. आमच्या सेलला चार्जिंगला प्रत्येकी ४ अँपिअरच्या वर देऊ नका असं लिहिलंय. आठ पॅरलल, म्हणजे ३२ अँपिअर, गुणिले ५२ व्होल्ट, जेमतेम १.७ किलोवॉट. सव्वा सेकंदात आत गेले दोन किलोज्युल. ३१ पैकी दोन! वर मोटर फक्त मागच्या चाकांवर आणि ब्रेकिंगचं बरंचसं काम पुढची चाकं करतात.

हे चलान भाचीने भिंतीवर चिकटवलंय. त्या दिवशी रीजन काढून टाकलं, त्यासोबत एक सेन्सर, दोन वायर आणि ब्रेक बॅलन्सची एक कटकट गेली. मोटर पेट्रोल वाचवायला नाहीच आहे, ती फक्त खड्डा भरायला आहे.

पूर्ण इलेक्ट्रिक का नाही? पैसे. एंड्युरन्सचे (लांब पल्ल्याच्या फेरीचे) २२ किलोमीटर काढायला आत्ताच्या कितीतरी पट बॅटरी लागेल. आमची ११२ सेलची पाच किलोची पोरांच्या खिशातून झालीय.


बर्फातला_नाशिककर
सोमवार, रात्री ११:२० (तुमची)

अंबड आणि रेसकार एका वाक्यात वाचून उडालोच. मी मूळचा सिडकोचा, आता बोस्टनजवळ.

मास्टर्स करताना फॉर्म्युला हायब्रिडच्या टीममध्ये होतो. ही स्पर्धा डार्टमथच्या थेअर स्कूलने सुरू केली, पहिली २००७ मध्ये झाली. होते न्यू हॅम्पशायरमध्ये लाउडनच्या रेसट्रॅकवर. एप्रिल-मेमध्येसुद्धा तिथे हातमोजे घालून पाने फिरवावे लागायचे. आमची गाडी ट्रॅकवर किती वेगाने पळाली ते विचारूच नका, कारण आमचे पहिले दोन दिवस इलेक्ट्रिकल तपासणीच्या रांगेत गेले. गाडी उत्तम, कागद अर्धवट. प्रत्येक फ्यूजचा रेटिंगचा कागद मागतात, प्रत्येक वायरची जाडी विचारतात. पोरांना आत्ताच फाइल लावायला सांगा.

रीजनचं गणित अगदी बरोबर. म्हणूनच अनेक टीम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर लावायच्या. ते पटकन घेतात, पटकन देतात. ४८ व्होल्टचं १६५ फॅरडचं मॉड्यूल घेतलं तर व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत १४० किलोज्युलच्या आसपास मिळतात. चार-पाच ब्रेकिंगचा माल त्यात मावतो. किंमत मात्र बघू नका.

आणि @निव्वळ_इलेक्ट्रिक, हे दुखणं फॉर्म्युला वनलाही चुकलं नाही. २००९ साली कर्स (ब्रेकिंगची ऊर्जा साठवून परत वापरणारी यंत्रणा) आलं तेव्हा मर्यादा होती ६० किलोवॉट आणि लॅपला ४०० किलोज्युल, म्हणजे बटण दाबून पावणेसात सेकंद. वजनाच्या भानगडीत कित्येक टीमनी ते लावलंच नाही, काहींनी लावून काढलं. त्या वर्षी हंगेरीत हॅमिल्टन जिंकला, तो कर्सवाल्या गाडीचा पहिला विजय. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं की नकोच, मग २०११ ला परत आलं.

खोकल्याबद्दल माझा अंदाज: इंजिनच्या ईसीयूचा (पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा छोटा संगणक) १२ व्होल्ट कुठून घेताय? मोटरच्या बॅटरीतून कन्व्हर्टरने घेत असाल तर ७० अँपिअरला व्होल्टेज बसतं आणि ईसीयू झोपतो.


अंबडचा_लेथवाला
मंगळवार, सकाळी ८:१०

@बर्फातला_नाशिककर, ईसीयू आणि पंपाला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी आहे, मोटरच्या सर्किटशी संबंध नाही. काल रात्री मीटर लावून चालवलं, खोकतानाही १२.४. तो संशयित सुटला.


पंचवटीची_आई
मंगळवार, सकाळी १०:४५

मी इथे फारसं लिहीत नाही. माझा मुलगा ह्याच टीममध्ये आहे हे हॅंडल न बघता फक्त चहाच्या बिलावरून ओळखलं.

लेथवालेदादा, राग मानू नका. रात्री एक वाजता येतो, सकाळी सातला जातो. सबमिशन बाकी, अटेंडन्सचं पत्र घरी आलं. मागच्या सेमला एक बॅक आहे. हे सगळं कशासाठी, विचारलं तर म्हणतो प्लेसमेंटला उपयोग होतो. होतो का खरंच? आणि त्या बॅटरीचं मला भय वाटतं. रोज पेपरात वाचतो आपण, चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला.


अंबडचा_लेथवाला
मंगळवार, दुपारी २:०५

ताई, राग कसला.

बॅटरीचं आधी. सेल जोडताना पहिल्याच आठवड्यात एक प्रकार झाला, तो लपवत नाही. निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करताना एका मुलाच्या हातातलं स्टीलचं कडं दोन पट्ट्यांवर आडवं पडलं. निळा झोत, फट् असा आवाज, कड्यावर खाच पडली. हाताला नुसता चटका, नशीब. त्या दिवसापासून त्या टेबलाशी कडं, घड्याळ, अंगठी, साखळी काही चालत नाही, माझंसुद्धा. चार्जिंग शेडच्या बाहेर, पत्र्याखाली, वाळूच्या दोन बादल्या शेजारी, आणि माणूस बसलेला असल्याशिवाय नाही. रात्री कुलूप लावून चार्जिंगला ठेवणं बंद.

अभ्यासाचं मी काय बोलू, मी आयटीआयवाला. पण आजपासून साडेदहाला शेडचं मेन स्विच मी खाली करतो. भाचीला सांगितलंय, तिने तोंड फुगवलंय.

प्लेसमेंटचं खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मात्र तुमच्या मुलाने परवा माझ्या ऑपरेटरला ड्रॉइंगमधली चूक काढून दाखवली, आणि ऑपरेटर वीस वर्षांचा जुना आहे.


जुना_मायकोकर
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

वाचलं. दोन प्रश्न.

१) इंजिन थंड असताना स्टार्टर किती सेकंद मारावा लागतो? गरम झाल्यावर किती?
२) इंजिनचं डावं कव्हर मूळचं आहे का?


अंबडचा_लेथवाला
मंगळवार, रात्री ९:५०

काका, थंड असताना सहा-सात सेकंद, दोन-तीनदा. गरम असताना दोन सेकंदांत उठतं.

कव्हर मूळचं नाही. अपघातात तडकलेलं होतं. नवं मीच केलं, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून, जुन्याची मापं घेऊन. का विचारताय?


जुना_मायकोकर
मंगळवार, रात्री ९:५८

सांगतो. आधी दुसऱ्यांचं ऐकू.


चिवडा_विदाउट_तेल
मंगळवार, रात्री १०:०३

मायकोकर काका मालिकेत लिहायचे का? पुढील भागात पहा.


ओझरचा_पेन्शनर
बुधवार, पहाटे ५:४०

श्री. लेथवाले, सप्रेम नमस्कार. मी ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षे वायरिंगच्या विभागात काढली. आधी मिग, नंतर सुखोई. आपले वर्णन वाचून झोप उडाली, कारण हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे.

आपण पेट्रोलच्या मागे लागला आहात. पेट्रोलचा दोष असा करंटच्या आकड्यावर चालू-बंद होत नाही, तो आळसावत येतो. हा विजेचा दोष आहे, आणि इंजिनच्या डोळ्यात धूळ जात आहे.

इंजिनचा डोळा म्हणजे क्रँकचा सेन्सर. फ्लायव्हीलवरचा दात समोरून गेला की त्यातल्या कॉइलमध्ये एक बारीक झटका उठतो, तो मोजून ईसीयू ठिणगी कधी द्यायची ते ठरवतो. आता मोटरचा कंट्रोलर डीसीचे तुकडे करून तीन जाड वायरींतून मोटरला देतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद. त्या वायरींच्या शेजारून सेन्सरची नाजूक वायर जात असेल तर तो गोंगाट तिच्यात शिरतो, आणि ईसीयूला नसलेले दात दिसू लागतात.

खात्री अशी करावी. (अ) ईसीयूमध्ये आरपीएमचा लॉग निघतो, तो खोकल्याच्या क्षणाचा बघावा. (आ) सेन्सरची वायर तात्पुरती चौकटीतून सोडवून, वरून रोल हूपवरून (ड्रायव्हरच्या डोक्यामागची पाइपची कमान) टेप लावून न्यावी, मोटरच्या वायरींपासून हातभर लांब. मग चालवून बघावे. पैसा लागणार नाही.

एक विचारतो: दोन्ही वायरी आत्ता कुठून जातात?


अंबडचा_लेथवाला
बुधवार, सकाळी ९:३०

साहेब, काय सांगू. दोन्ही डाव्या बाजूच्या खालच्या पाइपवरून, एकाच झिप-टायमध्ये, जवळजवळ सव्वा मीटर. नीटनेटकं दिसावं म्हणून. सगळ्यांनी त्या वायरिंगचं कौतुक केलं होतं, मीही.


निव्वळ_इलेक्ट्रिक
बुधवार, सकाळी ९:४१

ओझरकर आजोबा, दंडवत. हे मला सुचायला हवं होतं 🙏


अंबडचा_लेथवाला
बुधवार, रात्री १०:२५ (मेन स्विच खाली करण्याआधी पाच मिनिटं)

मंडळी, लॉग बघितला. लॅपटॉपशी बोलणारा पोरगा आज पहिल्यांदा माणसांशी बोलला, चक्क ओरडला.

इंजिन ५,२०० वर आहे. मोटरचा करंट चढतो. पुढच्या क्षणी आरपीएम ११,३००. त्याच्या पुढच्या क्षणी परत ५,२००. एक शतांश सेकंदात इंजिनने सहा हजारांची उडी मारून परत यायचं, असं लोखंड जगात नाही. आणि आम्ही लिमिटर १०,००० वर लावलाय. म्हणजे ईसीयूला वाटतं इंजिन पिसाळलं, तो बिचारा त्याला वाचवायला ठिणगी तोडतो. उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं, ते आमचे फटाके. पंपाचे साडेचार हजार आठवून पोटात कालवलं.

मग वायर सोडवली, रोल हूपवरून टेप लावून नेली. गाडी अगदी सलाइन लावल्यासारखी दिसत होती. आडगावकडे एका ओळखीच्या बिल्डरचं प्लॉटिंग आहे, आत काँक्रीटचे रस्ते झालेत, घरं अजून नाहीत. त्याच्या परवानगीने तिथे गेलो. ७० अँपिअर, ८०, ९०. खोकला नाही! पोरांनी वॉचमनलाही नाचवला.

पण. १०० अँपिअर पूर्ण दिले की अजूनही मधूनच एखादी ढास लागते. दहा फेऱ्यांत तीनदा. आधीपेक्षा लाखपटीने बरं, तरी आहे.


ओझरचा_पेन्शनर
गुरुवार, पहाटे ५:२५

उत्तम. आता कायमची व्यवस्था. सेन्सरला शिल्डेड वायर घ्यावी, आतल्या दोन तारा एकमेकींना पीळ दिलेल्या. शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड करावे, दोन्ही टोकांना नाही, नाहीतर शिल्डमधूनच करंट फिरू लागतो. मोटरच्या तिन्ही वायरी मात्र एकमेकींना चिकटवून, एकत्र बांधून, शक्य तितक्या आखूड. सेन्सरची वायर उजव्या बाजूने. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, समांतर जाऊ नये.

उरलेल्या ढासेबद्दल मायकोवाल्यांनी काही मनात ठेवले आहे असे दिसते.


जुना_मायकोकर
गुरुवार, सकाळी ८:००

हो. गोंगाट तुम्ही कमी केला. आता आवाज वाढवा.

सेन्सर आणि दात यांतलं अंतर वाढलं की झटका क्षीण होतो. स्टार्टरवर इंजिन हळू फिरतं, तेव्हा तो आणखी क्षीण. थंड इंजिन आणखी हळू. म्हणून सकाळी त्रास. नाशिकची थंडी बदनाम करू नका.

कव्हर तुम्ही केलंत. सेन्सर त्याच कव्हरवर बसतो. गॅप मोजलात का?


अंबडचा_लेथवाला
गुरुवार, सकाळी ८:२०

कव्हर बंद केल्यावर आत फीलर गेज जात नाही काका. मोजायचा कसा?


जुना_मायकोकर
गुरुवार, सकाळी ८:२६

लहान मुलांची क्ले आणा. दाताच्या डोक्यावर वाटाण्याएवढी लावा. सेन्सरच्या तोंडाला तेलाचं बोट. कव्हर लावा, बोल्ट आवळा, परत उघडा. चेपलेली क्ले ब्लेडने कापा, जाडी मोजा. क्रँक फिरवू नका मध्ये.

आम्ही मायको कारखान्यात डिझेलच्या नोझलमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट बघायचो, पण अशा ठिकाणी क्लेच.


पंचवटीची_आई
गुरुवार, सकाळी ११:१०

म्हणजे माझ्या धाकटीची क्लेची डबी सकाळी ह्यासाठी गेली! निळी आणि गुलाबी दोन्ही नेल्यात. ती शाळेतून आल्यावर काय सांगू?


अंबडचा_लेथवाला
गुरुवार, रात्री १०:१०

ताई, नवी डबी पाठवतोय, बारा रंगांची.

बाकी मंडळी, तोंड दाखवायला जागा नाही. क्ले कापली, व्हर्निअर लावला. १.७ मिलिमीटर! जुन्या कव्हरवर तीच परीक्षा केली (तडकलेलं असलं तरी मी भंगारात दिलं नव्हतं, सवय), तिथे ०.७. बरोबर एक मिलिमीटरचा फरक. नंतर ड्रॉइंग काढून बघितलं. जुन्या कव्हरला गॅस्केटची खाच एक मिलिमीटर आत होती, माप मी बाहेरच्या काठावरून घेतलं. डेटम (मापं जिथून धरायची ती जागा) चुकला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे जॉब ह्याच चुकीवर रिजेक्ट करतोय. बावीस पोरांनी पंप बदलला, मॅप बदलला, एकमेकांवर आवाज चढवले, इलेक्ट्रिकलवाले आणि मेकॅनिकलवाले दोन दिवस वेगळे जेवले, आणि एक मिलिमीटर माझ्या मशीनवरून गेलेला.

पोरांना बोलावून सांगितलं. कोणी काही म्हणालं नाही. भाची म्हणाली, "मामा, भिंतीवर चलानाच्या शेजारी ही क्ले लावू?" लावलीय. गुलाबी.

तात्पुरतं सेन्सरच्या बसायच्या बॉसवर (उंचवट्यावर) एक मिलिमीटरची शिम (पातळ पट्टी) टाकलीय, वायर ओझरकर साहेबांच्या पद्धतीने नव्याने ओढली. उद्या आडगाव.


बर्फातला_नाशिककर
शुक्रवार, सकाळी ६:५०

एवढं सरळ कबूल करणारा व्हेंडर मी चौदा वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.


अंबडचा_लेथवाला
शनिवार, संध्याकाळी ७:४०

चाळीस फेऱ्या. १०० अँपिअर. एकही ढास नाही. सकाळी थंड इंजिन दीड सेकंदात उठलं. वळणातून बाहेर पडताना आता तो अर्ध्या सेकंदाचा खड्डा जाणवतच नाही, मोटर आधी खेचते आणि तिच्या मागून इंजिनचा आवाज येतो. मी स्वतः बसायचा हट्ट केला होता, पण कॉकपिटमध्ये पोट मावेना. नियमाप्रमाणे ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर यायचं असतं, मला तर आत जायलाच पाच मिनिटं लागली असती.


चिवडा_विदाउट_तेल
शनिवार, संध्याकाळी ७:४४

मामांसाठी वेगळा रेस्ट्रिक्टर, तोंडावर लावायचा. अभिनंदन!!


अंबडचा_लेथवाला
सहा आठवड्यांनंतर, सोमवार, दुपारी ३:१५

धागा वर काढतोय, बरेच जण व्यनि करून विचारत होते.

पोरं काल परत आली. टेम्पोने गाडी, स्लीपरने पोरं. मी गेलो नव्हतो, डिस्पॅच होतं. फोनवर कळत गेलं ते असं.

इलेक्ट्रिकल तपासणीत पहिल्या दिवशी थांबवलं. गाडीत दोष नव्हता, एका फ्यूजचा कागद फाइलमध्ये नव्हता. @बर्फातला_नाशिककर, तुम्ही सांगितलं होतं, फाइल लावलीही होती, तो एकच कागद माझ्या टेबलावर राहिला. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तिथे प्रिंट मारली, दुसऱ्या दिवशी स्टिकर मिळालं. टिल्ट टेबलवर ६० अंशांना गाडी तिरकी केली, पेट्रोलचा थेंब गळला नाही. ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात, तीन वेळा मागचं डावं चाक फिरत राहिलं, चौथ्यांदा झालं.

एंड्युरन्समध्ये तेराव्या किलोमीटरला बॅटरीचं तापमान चढलं आणि बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) मोटर तोडली. हवा जायला आम्ही जाळी ठेवली होती, पण तिच्यासमोर ऐन वेळी नंबरप्लेटचं स्टिकर आलं. शेवटचे नऊ किलोमीटर इंजिनने एकट्याने ओढले, मोटर-बॅटरीचं ते मेलेलं वजन पाठीवर घेऊन. हळू, पण संपवलं. आमच्या आसपासच्या दोन गाड्या टोचन लावून न्याव्या लागल्या, त्यामुळे भाचीला फोनवर फक्त "संपवलं, संपवलं" एवढंच बोलता येत होतं.

ताई, तुमच्या मुलाची बॅक सुटली हे त्याने मला तुमच्या आधी सांगितलं, त्याबद्दल माफी.


पंचवटीची_आई
सोमवार, दुपारी ४:३०

सांगितलं त्याने मलाही, पेढे घेऊन आला. धाकटी विचारतेय, गुलाबी क्ले भिंतीवरून परत कधी मिळणार.


ओझरचा_पेन्शनर
मंगळवार, पहाटे ५:३०

हार्दिक अभिनंदन. पुढील वर्षी बॅटरीच्या पेटीत तापमानाचे सेन्सर किती आणि कुठे लावणार ते कळवावे. एकाच कोपऱ्यात लावू नयेत. मी येऊन वायरिंग बघू शकतो, सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर.


जुना_मायकोकर
मंगळवार, सकाळी ८:००

शिमवर पुढचं वर्ष काढू नका. कव्हर नवीन करा. गॅप ०.७.


अंबडचा_लेथवाला
मंगळवार, सकाळी ८:०४

ब्लॉक मशीनवर लावलाय काका. डेटम गॅस्केटच्या खाचेवरून घेतलाय, भाची शेजारी उभी राहून बघतेय.